आग न लागणारी गादी

"डायबेटिस आहे तुम्हाला," सरकारी दवाखान्यातले डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले. "आता तोंड आवरा." दाराशी रांगेत उभ्या असलेल्या बायांनी ते ऐकलं. मधुमेह म्हणजे काय ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, पण त्या शेवटच्या दोन शब्दांनी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी चौतीस वर्षांची होते. तीन वर्षांत वजन एकोणपन्नास किलोवरून अठ्ठ्याहत्तरवर गेलं होतं. आधी बांगड्या चढेनात, मग पायऱ्या चढवेनात. तहान इतकी की कामावर सगळ्यांसाठी भरलेली कळशी एकटी मीच संपवायची.

तसं बघाल तर मी बसून खाणारी बाई नव्हे. केडगावातून निघायचं, दोन बस बदलून नागापूरच्या एमआयडीसीत पोहोचायचं आणि आठ तास उभ्यानं फोम कापायचा. गाड्यांच्या सीटसाठी लागतो तो फोम. संध्याकाळी केसांत, नाकात, डब्यातल्या भाजीत पिवळा चुरा. तो झटकायचा आणि जेवायचं.

मी खाणं तोडलं. सकाळी अर्धी भाकरी, रात्री नुसती आमटी. महिन्यानं फास्टिंग शुगर, म्हणजे उपाशीपोटी रक्तातली साखर, तपासली. तसूभरही उतरली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "कामावर जाऊन काय खाती, कुनाला दिसतंय?" विहारात बाया सरकून जागा द्यायच्या आणि हसायच्या. मीही हसायचे. रडून सांगितलं असतं तरी खरं कुणाला वाटणार होतं?

मग माझी मुलगी सुजाता फुगायला लागली. नऊ वर्षांची पोर, वर्गात सगळ्यात जाड. आणि इथं मी जे केलं ते सांगायलाच हवं. मी तिच्या चपात्या मोजायला लागले. गुळाचा डबा पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. तिनं शेजारी लाडू खाल्ला म्हणून एकदा फाडकन मुस्कटात मारली. माझ्या वाट्याला आलं ते तिच्या येऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

शाळेत ती चक्कर येऊन पडली तेव्हा तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं जीटीटी केली. म्हणजे साखरेचं पाणी पाजायचं आणि थोड्या थोड्या वेळानं रक्त घेत राहायचं. दुपारपर्यंत पोरीचे दोन्ही हात टोचून झाले. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरच्या पाली मोजत होते. रिपोर्ट आला: मधुमेह अजून नाही, पण वाट तिकडचीच आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्यांदाच वेगळं विचारलं. "काम काय करता?" मी सांगितलं. "त्या फोममध्ये काय असतं?" मी म्हणाले, "परदेशी ऑर्डरच्या मालात आग लागू नये म्हणून केमिकल घालतात." "घरी आणता का त्यातलं काही?"

सगळेच आणायचे. शनिवारी झाडलोट झाली की चुरा पोत्यात भरून वाटून घ्यायचा, अशी आमच्यात रीतच होती. कुणाच्या नामकरणाला, कुणाच्या लग्नाला त्याच्या उशा जायच्या. गल्लीत एकीचा स्टोव्ह भडकून अंथरुणासकट पोर भाजली होती. आमचीही एकच खोली, स्टोव्हपासून चार हातांवर सुजाता झोपायची. म्हणून मी साधा चुरा सोडून मुद्दाम आग न लागणाऱ्या मालाचा चुरा निवडून तिची गादी भरली होती. तान्ही असल्यापासून ती त्याच गादीवर. उसवली की मीच शिवायची, चुरा कमी झाला की मीच भरायची.

मी हे सांगितलं तसं डॉक्टरीणबाईंनी सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "अशी केमिकल्स हार्मोन्समध्ये, म्हणजे शरीराचा कारभार चालवणाऱ्या रसांमध्ये, ढवळाढवळ करत असावीत अशी शंका आहे. वजन, साखर त्यानं बिघडतं का, ते अजून कुणाला ठाऊक नाही. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पण गादी काढा."

गादी काढली. नोकरीही सोडली. सुपरवायझरला सांगायला गेले तर तो म्हणाला, "आमी बी हितंच हाय की बाई, आमाला कुठं काय झालं?" माझी साखर उतरली नाही. वाटलेल्या उशा परत मागायला दारोदार गेले, दोघींनीच दिल्या.

तुमच्या घरात कुणी असं विनाकारण फुगत असेल, तर ताटाकडे बघण्याआधी ते माणूस काम कुठं करतं, झोपतं कशावर, एवढं डॉक्टरांना सांगा. औषध मिळेलच असं नाही. मला मिळालं नाही. त्या बाईंचे उपकार मात्र मी विसरणार नाही. त्यांनी मला खोटारडी ठरवलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा पुण्याला गेलो. सुजाता काट्यावर चढली. वजन अडीच किलोनं वाढलं होतं. ती काट्याकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "आई, मी चोरून न्हाई खाल्लं."

"मला माहीत हाय," मी म्हणाले.

केडगाव येईपर्यंत तिनं मला तीनदा विचारलं, "खरंच माहीत हाय?"