धूलकोटची गाय आणि लीलाधर मास्साब

शनवारा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर लीलाधर चौधरी मास्साब आले की बाकावरची माणसं सरकून बसत. मास्साबांना वाटे, आपल्याला मान देतायत. खरं तर ज्याला त्याला त्यांच्या सल्ल्यापासून लांब बसायचं असे.

मास्साब भूगोल शिकवून रिटायर झालेले. पण मुलगी कुठे द्यावी, पोराला कोणत्या लाइनीला टाकावं, व्याह्यांशी किती बोलावं, सगळ्यावर त्यांचं उत्तर तयार. आणि शेवटी ठासून म्हणायचे, "करून टाका. जबाबदारी माझी!" ती जबाबदारी मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. कारण त्यांचा सल्ला कुणी मानलाच नव्हता.

तो मानला श्रीकांत महाजनांनी.

महाजन शेजारीच राहायचे. ऑफिसातून नुकतेच रिटायर झाले होते आणि दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहून बायकोच्या फोडणीत चुका काढायचे. प्रतिभावहिनींनी एकदा भर दुपारी त्यांना घराबाहेर काढलं, तेव्हा ते टपरीवर आले.

"मास्साब, टाइम जात नाही हो. काय करू?"

"गाय पाळा," मास्साब म्हणाले. "परसात जागा आहे. रिकाम्या माणसाची कुणीतरी वाट बघायला पाहिजे, महाजन. स्वभाव शांत होतो, घरचं दूध मिळतं आणि वहिनींना त्यांचं स्वयंपाकघर परत मिळतं. घेऊन टाका. जबाबदारी माझी!"

आठ दिवसांत धूलकोटच्या सुपडू पाटलाकडून चंद्री आली, सोबत वासरू. दिसायला मोठी गुणी. पण महाजन बादली घेऊन खाली बसले आणि तिनं बादली एकीकडे आणि महाजनांना दुसरीकडे पाठवलं. वासराला पाजायची, माणसाला मात्र थेंब द्यायची नाही. प्रतिभावहिनी पुढे झाल्या, तर शिंगं हलवून त्यांना तुळशीमागे धाडलं.

दोन-तीन दिवस असे गेल्यावर महाजन सकाळीच लंगडत आले आणि चंद्रीला मास्साबांच्या फाटकाला बांधून मोकळे झाले. मागून वासरूही आलं.

मास्साबांच्या पत्नी, मालतीबाई, दारात झाडत होत्या. त्यांनी आत हाक मारली, "अहो, बाहेर या. तुमचा सल्ला आलाय. शेपूट हलवतोय."

मास्साब बाहेर आले. "हे काय, महाजन?"

"तुमची जबाबदारी. सांभाळा."

"अहो, गाय पाळा म्हटलं. हीच पाळा असं कुठं म्हटलं? तुम्ही पारख करून घ्यायला नको?"

महाजन नुसते गुडघा चोळत राहिले. मालतीबाईंनी झाडू टेकवला. "इतकी वर्षं ऐकतेय, जबाबदारी माझी, जबाबदारी माझी. आज पहिल्यांदा ती दारात आली, तर तुम्ही तिला ओळखही दाखवत नाही."

मास्साबांचा चेहरा पडला. जन्मभर वर्गात पोरांना उभं करून विचारणारा माणूस आज स्वतः उभा होता. ते आत गेले, टोपी घातली आणि धूलकोटची बस पकडली.

सुपडू पाटील त्यांचं ऐकून हसत सुटला. "भाऊ, तिची धार आमची घरवाली, सोजर, काढायची. दुसऱ्या हाताला ती ऐकतच नाही."

सोजरबाईंनी दोरीवरचं आपलं जुनं लुगडं काढून दिलं. "हे गुंडाळून बसा. धुवू नका, वास जाईल. आणि गप्प बसू नका. मी धार काढताना सासूची गाऱ्हाणी सांगते. तिला त्याची सवय झालीय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्साब लुगडं नेसले, डोक्यावरून पदर घेतला आणि चंद्रीपाशी बसले. नेमका त्यांचा एक जुना विद्यार्थी, विनायक, मोटरसायकलवरून चालला होता. त्यानं गाडी थांबवली, नीट पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, "नमस्ते, मास्साब." बाकी काही विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

मास्साबांनी आधी हेडमास्तरांची गाऱ्हाणी सांगून पाहिली. चंद्री ढिम्म. मग पावसाची. तिनं पाय उचलला. शेवटी त्यांनी मागं पाहिलं. मालतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"सासूची सांगा ना," त्या म्हणाल्या. "माझ्या आईची. लाजता कशाला?"

मास्साबांनी घसा खाकरला. "लग्नात मला जी अंगठी घातली, ती बोटात जातच नव्हती..." चंद्रीनं कान टवकारले. "...आणि दर दिवाळीला मलाच विचारायच्या, जावईबापू, बारीक का झालात? जसं काही यांच्या लेकीनं..." तेवढ्यात बादलीत पहिली धार वाजली.

"जरा मोठ्यानं बोला," मालतीबाई म्हणाल्या. "मलाही ऐकू दे."

चंद्री परत महाजनांच्या परसात गेली. त्या हिवाळ्यात मास्साब रोज सकाळी तिथं जायचे. थंडीत हात आखडायचे, गुडघे बोलायचे. पण त्यांनी एक दिवस चुकवला नाही. शेजारी महाजनांना बसवायचे, हळूहळू एक-एक सड त्यांच्या हातात द्यायचे. संक्रांतीच्या आसपास महाजन लुगड्याशिवाय धार काढायला लागले. त्यांना सासूबद्दल बोलायला पुष्कळ होतं. प्रतिभावहिनींनी कान बंद ठेवले, कारण स्वयंपाकघर खरंच मोकळं झालं होतं.

टपरीवर मास्साब अजून बसतात. पण आता कुणी काही विचारलं की आधी बराच वेळ चहा फुंकत राहतात. परवा त्यांची भाची स्नेहल घरी आली.

"मामा, इंदूरला नोकरी लागतेय. जाऊ की इथंच शाळेत शिकवू? बाबा म्हणतात, इथंच ठीक है."

"तुला काय वाटतं?" मास्साबांनी विचारलं.

स्नेहल बघतच राहिली. या मामानं जन्मात कधी कुणाला असं विचारलं नव्हतं. मग ती बोलायला लागली. काम आवडलंय, शाळेत मन रमणार नाही, पण अनोळखी गाव, एकटीनं राहायचं, आजारी पडले तर कोण बघेल. मास्साबांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. घालायला दोनदा उघडलं होतं, पण मालतीबाईंनी त्यात बिस्कीट दिलं.

"म्हणजे जायचं तर आहे," शेवटी ते म्हणाले. "भीती खोलीची नि आजारपणाची आहे. मग रविवारी खोली बघायला मी येतो तुझ्यासोबत. आजूबाजूचे लोक बघू, दवाखाना किती लांब आहे ते बघू. मग तूच ठरव. आणि तुझ्या बाबांशी तूच बोल. मी नुसता शेजारी बसेन."

"मी पण येते इंदूरला," मालतीबाई आतून म्हणाल्या. "हे एकटे आले आणि घरमालकाला सल्ला द्यायला लागले, तर पोरीला खोली मिळायची नाही."