आधी चिठ्ठी, मग चहा

किस्से हे जुन्या मशीनच्या सुट्या भागांसारखे असतात. लागत नाहीत, टाकवत नाहीत, आणि एक दिवस डब्याचं झाकणच बसत नाही. माझ्या डब्यातला सगळा माल फरीदाबादच्या एका गॅरेजमधला आहे.

गॅरेज गजभियेचं. मूळचा नागपूरचा. दिल्लीतल्या सरकारी कचेरीत आमची टेबलं निवृत्तीपर्यंत शेजारी होती. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात. यानं नाणं टाकून चालणारी जुनी मशीन जमवायला सुरुवात केली. एक चॉकलेटचं, एक प्लॅटफॉर्म तिकिटाचं, आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे स्टेशनवरचं वजनाचं. लाल-हिरवे दिवे, फिरणारं चक्र, नाणं टाकलं की खडाक् करून चिठ्ठी! एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

दर रविवारी मी गाझियाबादहून दोन मेट्रो बदलून जायचो. शेजारच्या घरातून भाटियाजी यायचे. नियम एकच : आधी चिठ्ठी, मग चहा. आणि यजमान पहिला.

*

ते वजनाचं मशीन त्याला भंगारवाल्याकडे मिळालं. भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला. मशीन त्याच्या काट्यावर चढवलं, तर आकडा गजभियेला पटेना.

"तुझा काटा बरोबर आहे कशावरून?" त्यानं हिंदीत विचारलं.

भंगारवाला शांतपणे म्हणाला, "साहब, दूसरा काँटा यही है। इसको इसी पे चढ़ा दूँ?"

*

आजची नाणी त्या मशीनला चालत नाहीत. हलकी पडतात, गळून खाली येतात. म्हणून गजभियेनं जुने जाड रुपये वाटीत ठेवले होते. वाटीतून घ्यायचे, मशीनमध्ये टाकायचे, त्यानं किल्लीनं पेटी उघडून परत वाटीत ठेवायचे.

"याच्यातून देशाला काय मिळतं?" मी एकदा विचारलं.

"हालचाल," तो म्हणाला. "आपण ऑफिसात दुसरं काय करत होतो?"

*

जुन्या चिठ्ठ्या संपल्या तेव्हा नव्या छापून घेतल्या. त्यांच्या मागची भविष्यं लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'धनलाभ होईल', 'प्रवासाचा योग आहे' असलं काही माझ्या हातून उतरेना. हाताला जे वळण होतं तेच उतरलं : 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' 'आपले प्रकरण वरिष्ठांकडे पाठवण्यात आले आहे.' 'आवश्यक कागदपत्रे जोडावीत.'

भाटियाजींना पहिल्याच रविवारी वरिष्ठांकडचं निघालं. मी भाषांतर करून सांगितलं. ते घाबरले. "यार, ये अच्छा है कि बुरा?"

"भाटियाजी," गजभिये म्हणाला, "अच्छा-बुरा कुछ नहीं। सरकारी है।"

*

कॉलनीच्या सेक्रेटरीकडे कुणीतरी तक्रार केली, की गॅरेजमध्ये धंदा चालतो. साहेब चौकशीला आले. मशीन बघितलं, मोह आवरला नाही, चढले. चिठ्ठी वाचून चेहरा उतरला. "ये मशीन ख़राब है," असा शेरा मारून चौकशी तिथंच संपवली.

पुढच्या रविवारी परत आले. बूट बाहेर काढले. मोबाइल, पाकीट, घड्याळ भाटियाजींच्या हातात दिलं आणि श्वास रोखून चढले. आकडा तोच!

गजभियेनं त्या दिवशी जे वाक्य ऐकवलं, ते तो नंतर सगळ्यांनाच ऐकवत असे : "सेक्रेटरीसाहब, मशीन झूठ नहीं बोलती। कभी बोले, तो समझिए किसी ने पेच घुमाया है।"

पेच म्हणजे मागच्या झाकणाआडचा एक स्क्रू. तो पिळला की आकडा वर चढतो, सैल केला की खाली येतो. हे आम्हाला त्यानंच कौतुकानं दाखवलं होतं.

*

मेरठचा एक संग्राहक वारला. मुलानं मशीन विकायला काढली म्हणून आम्ही गेलो. मुलगा सभ्य होता. चहा दिला, म्हणाला, "पापा के सामान में यही सबसे ज़्यादा जगह घेरता था।" मग सहज विचारलं, "अंकल, आपके बाद ये सब कौन लेगा?"

"भंगारवाला," गजभिये म्हणाला. "म्हणून तर त्याच्याशी संबंध बिघडू देत नाही." हे तो मराठीत, माझ्याकडे बघून म्हणाला. मुलाला वाटलं, भाव ठरवतोय.

*

मग आकडा उतरायला लागला. यजमान पहिला, त्यामुळे आम्ही सगळे बघत होतो. बहात्तर किलोचा माणूस सत्तरवर आला, मग अडुसष्टवर. गजभियेनं मशीन उघडलं. स्प्रिंग पुसली, तेल दिलं. दहा किलो गव्हाच्या पिठाची सीलबंद पिशवी ठेवून पाहिली. चिठ्ठीवर दहा!

"आटेवाले आजकल ज़्यादा भरते हैं," भाटियाजी म्हणाले.

हॉस्पिटलात त्याला डिजिटल काट्यावर उभं केलं. गजभियेनं नर्सला विचारलं, "सिस्टर, इसकी जाँच आख़िरी बार कब हुई थी?"

नर्स म्हणाली, "अंकल, आपकी कब हुई थी?"

पोटाचा कॅन्सर निघाला. बराच पुढे गेलेला.

*

तरी रविवार बंद झाला नाही. भिंत धरत गॅरेजमध्ये यायचा, वाटीतला रुपया उचलायचा, चढायचा. छप्पन. चौपन्न. चिठ्ठी खिशात घालायचा, आणि त्या दिवशी ताटाला हात लावायचा नाही.

सविता वहिनी एकदा मला दारापर्यंत सोडायला आल्या. "भाऊजी, शनिवारपर्यंत कशीबशी अर्धी पोळी जाते. रविवारी ती चिठ्ठी बघितली, की तेवढीही जात नाही. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून विनवण्या."

"मशीन झाकून ठेवू या?"

"झाकलं तर त्यांना कळेल ना, का झाकलं ते."

पुढच्या शनिवारी मी औषध पोचवायला गेलो. गजभिये झोपला होता, वहिनी आत होत्या. गॅरेजची किल्ली नेहमीच्या खिळ्याला होती. आत गेलो आणि पेच थोडासा पिळला. अगदी थोडा, चौपन्नचे साठ दिसावेत इतकाच. कुणाला सांगितलं नाही.

रविवारी भाटियाजी आले. वहिनी एरवी गॅरेजमध्ये यायच्या नाहीत. त्या दिवशी त्याही येऊन उभ्या राहिल्या. गजभिये चढला. दिवे लागले, चक्र फिरलं, खडाक्!

त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ धरली. मग मोठ्यानं वाचली.

"एक्याण्णव."

एवढं माझ्या एकट्याचं काम नव्हतं. मी भाटियाजींकडे पाहिलं. ते वर पंख्याकडे बघत होते. गॅरेजला पंखा नव्हता. वहिनींकडे पाहिलं, तर त्या पदराच्या टोकावरचा तेलाचा काळा डाग मुठीत लपवत होत्या.

गजभियेनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली, मशीनवर हात टेकून सावकाश खाली उतरला.

"सविता," तो म्हणाला, "वजन फारच वाढलंय. आजपासून मला दोनच पोळ्या वाढ."