महादेवीच्या सहाशे भाकऱ्या

महादेवी गिरणीतून पीठ आणायला निघायची आणि कुणाचं तरी चुकलेलं पोर कडेवर घेऊन परतायची. पीठ गिरणीतच. सोलापुरात बाळीवेशीच्या गल्लीत तिच्या वेंधळेपणाचे किस्से चवीनं सांगितले जात. अशा मनाला डॉक्टरांकडे काही नाव असेलही. गल्लीत मात्र, चौऱ्याहत्तर सालात, ‘हिचं डोकं ठिकाणावर न्हाय’ एवढंच निदान होतं. चौतिशीची बाई दिवसभर राबायची आणि वर हे ऐकून घ्यायची. राग यावा तो सांगणाऱ्यांचाच.

तिनं उपाय केले नाहीत असं नाही. पदराला गाठ मारावी, तर संध्याकाळी गाठी पाच, आणि कुठली कशाची ते आठवेना. मग ती गाठीतच वस्तू बांधू लागली. जोंधळ्याचा दाणा म्हणजे गिरणी, वात म्हणजे तेल आणायचं, मिरचीचं देठ म्हणजे चटणी कुटायची. बायका हसल्या, पण कामं होऊ लागली. ही अक्कल तिची स्वतःची, कुणी शिकवलेली नव्हे.

घर चालायचं कडक भाकरीवर. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी वाळवायची. चूल सासूची, शरणम्माची. एकदा तव्यावर भाकरी टाकून महादेवी पाण्याला गेली आणि नळावरचं भांडण सोडवत बसली. भाकरीचा कोळसा झाला. तेव्हापासून शरणम्मानं तिला चुलीपुढं बसू दिलं नाही. ज्या घराचा धंदाच भाकरी, तिथं चुलीपासून उठवलेल्या सुनेला काय किंमत राहणार? महादेवीला ते फार लागलं होतं.

मग मैंदर्गीच्या एका लग्नासाठी सहाशे भाकऱ्यांची मागणी आली, आणि त्याच आठवड्यात शरणम्मा पाय घसरून पडली. मनगट मोडलं. काम शेजारच्या कमलम्माला द्यायचं घाटत होतं.

‘मी करते, आत्याबाई,’ महादेवी म्हणाली.

‘तू? आन् मदीच उठून गेलीस म्हंजी?’

‘गेले तर परत येईन की.’

चार दिवस ती राबली. व्हायची ती चूक झालीच. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या ध्यानात आलं, की काल काही भाकऱ्या पुरत्या न वाळताच चवडीत मिसळल्या. कुठल्या, ते आठवेना. ओल राहिली तर शेजारच्या भाकऱ्यांनाही बुरशी धरते. लपवता आलं असतं. तिनं सासूला सरळ सांगितलं आणि एकेक भाकरी उचलून टिचकी मारत बसली. वाळलेली टणटण वाजते, ओली बद्द. एरवी घटकाभर एका जागी न टिकणारी बाई उन्हं डोक्यावर येईस्तोवर हलली नाही. फेरीवाला ओरडून गेला, शेजारीण हाका मारून गेली, तिला पत्ताच नाही. अडतीस निघाल्या. त्या तिनं पुन्हा चुलीला लावल्या.

शरणम्मा खाटेवरून बघत होती. इतक्या वर्षांत आपण एकदाही अशा तपासल्या नाहीत, हे तिनं मनाशी कबूल केलं. लग्नघरून निरोप आला, भाकरी लई झाक होती.

महिन्यानं मनगट जुळलं. त्या सकाळी सासू येताना दिसली तशी महादेवी चुलीपुढून उठू लागली. शरणम्मानं खांदा धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः पाट ओढून शेजारी बसली.

‘तू थाप. उठावंसं वाटलं तर ऊट, जा कुटं जायचं तितं. तव्याकडं मी बगते.’