फिटरमामांचा अबोला

खटपट्या माझा धाकटा भाऊ. आता लोक त्याला मोठे साहेब म्हणतात, वर्तमानपत्रं दानशूर उद्योजक म्हणतात. मी त्याला शेंबडा असल्यापासून ओळखते, त्यामुळे मला तसलं काही म्हणवत नाही. सातव्या वर्षी त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं आणि परत जोडलं, तर तीन चाकं उरली. "ती जास्तीचीच होती," असं त्याने वडिलांना ठासून सांगितलं. चूक म्हणून कबूल करायची नाही, हा गुण तेव्हापासूनचा.

इंजिनियर होऊन तो पंपांच्या कारखान्यात लागला. कॉलेजात पहिला आलेला, म्हणजे डोक्यात हवा होतीच. पहिल्याच आठवड्यात एक पंप कुरकुरत होता, त्याच्यासाठी याने कागदभर गणित मांडलं. तिथले जुने फिटर, सगळ्यांचे फिटरमामा, यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "साहेब, मागचं बेअरिंग गेलंय." उघडलं तर खरंच गेलेलं. त्या दिवसापासून आमचे महाशय मामांचे शिष्य. घरी आला की माझ्या शिलाई मशीनला, पंख्याला, एकदा तर माझ्या घोरणाऱ्या नवऱ्याच्या छातीला स्क्रूड्रायव्हर लावून बसला होता.

पुढे त्याने स्वतःचा कारखाना काढला, तो मामांना बरोबर घेऊनच. एकाचे पाच झाले. हात पहिल्यापासून सढळ. कुठे शाळेला प्रयोगशाळा दे, कुठे दवाखान्याला खाटा दे. नावाची पाटी मात्र लावू द्यायचा नाही. "गंजली की रंग कोण देणार?" म्हणायचा.

आणि मग मामांशी बिनसलं. हा कारखान्यात यंत्रांच्या शेडमध्ये गेला, पाठीमागून हाक मारली, मामांनी वळूनही पाहिलं नाही. असं तीन-चारदा झालं. याच्या सत्कारात तर कहर झाला. भाषणात म्हणाला, "माझे गुरू समोर बसलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." टाळ्या पडल्या. मामा समोर बघत स्वस्थ बसून राहिले. भर सभेत याचं नाक कापलं गेलं.

"मी मोठा झालेलो त्यांना बघवत नाही, ताई," तो म्हणाला. मामा निवृत्त झाले, तेव्हा हा निरोपालाही गेला नाही. चार वर्षं अबोला. माझ्याकडे जेवायला आला की हाच विषय काढायचा आणि ताटात अर्धं टाकून उठायचा. मला राग यायचा, पण त्याहून जास्त वाईट वाटायचं. वडील गेल्यावर त्याने मामांइतकं कुणाचंच ऐकलं नव्हतं.

एकदा मामांच्या बायको, मामी, माझ्याकडे कपडे शिवायला टाकायला आल्या. मी जरा टोचूनच विचारलं, "मामा अजून रागावलेत का?"

"राग कसला?" मामी म्हणाल्या. "त्यांना दहा वर्षं झाली, कमी कमी होत आता जवळजवळ ऐकूच येत नाही. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजाने कान गेले. तिथे सगळेच ओरडतात, कुणाला कळलं नाही. काम जाईल म्हणून हेही बोलले नाहीत. यंत्राची थरथर हाताला कळायची, त्यावर निभावलं. साहेब निरोपाला आले नाहीत, ते मात्र फार लागलं त्यांना."

मी तशीच उठले आणि भावाच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. त्याने समोरची फाईल मिटून बाजूला सारली. मग म्हणाला, "कामगारांनी कानात घालायला बोळे मागितले होते, ताई. मी हसलो होतो. यंत्राचा आवाज ऐकायचा नाही तर कारखान्यात कशाला यायचं, म्हणालो. चुकलं माझं." घड्याळाच्या चाकांपासून मी हे वाक्य ऐकायला थांबले होते. ऐकून मला अजिबात बरं वाटलं नाही.

पुढे त्याने प्रेसना जाड आवरणं केली आणि फाटकासमोर कानांचा दवाखाना बांधला, कुठल्याही कारखान्यातल्या कामगाराला मोफत. पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मामांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेला. मीही होते. डॉक्टरांनी मामांच्या कानात यंत्र बसवलं आणि बाजूला झाले.

खटपट्या पुढे वाकून सवयीने ओरडला, "मामा, माझं चुकलं!"

मामा दचकले. "साहेब, ओरडू नका. येतंय ऐकू."

झालं. चार वर्षं साठवलेलं सगळं बोलायला आता समोर माणूस होता आणि आमच्या वक्त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मामांनी थोडी वाट पाहिली, मग त्याचा हात हातात घेतला.

"हळू बोला," ते म्हणाले, "पण बोला."