नारळ मिळेल असं तळं

वनमाला परबला मासे आवडत नाहीत असं कोणी म्हटलं असतं, तर तिनं त्याची जीभ हासडली असती. बांगड्याचं तिखलं पुढ्यात आलं की ती दोन घास जास्तच जेवायची. तिचं भांडण माशाशी नव्हतंच. भांडण होतं खवल्यांशी. बुधवार, शुक्रवार, रविवार, कांदिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात विळी मोरीत उतरायची आणि वनमालाचे हात कोपरापर्यंत चंदेरी व्हायचे. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच, आणि लेक कॉलेजात गेली तरी हेच. साबण लावा, लिंबू चोळा, चिंच घासा, वास काही जायचा नाही. बसमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसली की वनमाला हात पदराखाली घ्यायची.

बरं, या घरात सुट्टी म्हणजे काय? तर तोच मासा, नुसता गाव वेगळा. गोराईला पिकनिक काढली, तर तिच्या नवऱ्यानं, जयवंतनं, होडीवाल्याकडून ताजी मुडदुशी घेतली. झालं! बाकीचे लाटांत आणि ही वाळूत विळी रोवून बसलेली. माथेरानला गेले, तर सासऱ्यांनी पिशवीतून सुकट काढली आणि लॉजच्या खोलीत स्टोव्ह पेटवायला लावला. वास असा काही सुटला की मॅनेजरनं सामानासकट बाहेर काढलं.

त्या दिवसापासून वनमालाच्या मनात एकच गोष्ट होती. आयुष्यात एकदा, चार दिवस, तिला कुठेतरी नुसतं बसायचं होतं. दुसऱ्या कोणी वाढलेलं जेवायचं होतं. हाताला फक्त साबणाचा वास यायला हवा होता. बास. हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण त्या घरात तिला मत विचारायचे ते फक्त मिठाबद्दल.

अशात सत्त्याऐंशी साली जयवंतच्या डोक्यात ट्राउट शिरला.

जयवंत मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत टर्नर होता. त्याच्या मालकाकडे परदेशातून एक कॅलेंडर आलं होतं. मे महिन्याच्या पानावर बर्फाचे डोंगर, खाली निळंशार तळं, काठावर एक गोरं कुटुंब आणि बापाच्या हातात ठिपक्याठिपक्यांचा मासा. जयवंतनं ते पान मालकाकडून मागून आणलं आणि चक्क देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं.

"याला ट्राउट म्हणतात," तो म्हणाला. "डोंगरातल्या थंड तळ्यात होतो. यंदा सुट्टी लागली ना, की आपण सगळ्यांनी जायचं गळ घेऊन. फॅमिली ट्रिप! एकदम झकास!"

वनमाला चित्राजवळ गेली. चित्रातली बाई खुर्चीत बसून खदाखदा हसत होती. वनमालानं कोपरान् कोपरा न्याहाळला. विळी कुठे दिसेना, खवले दिसेनात, बाईच्या हातावर तर मेंदीएवढाही डाग नाही.

"अहो, हा मासा साफ कोण करणार?"

"म्हणजे? तू आहेस ना!" जयवंत म्हणाला. त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळला नव्हता.

मग दर रविवारी जेवणानंतर मीटिंग भरू लागली. विषय एकच, तळं कुठलं? जयवंतचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश महापालिकेच्या पाणीखात्यात होता, म्हणून तळ्यांच्या बाबतीत घरातला अधिकारी माणूस तो. त्यानं आधी सांगितलं की तुळशी तलाव जवळ आहे, डोंगरातही आहे, पण तिथं गळ टाकताना आपण दिसलो तर माझी नोकरी जाईल. तुळशी बाद. मग त्यानं काश्मीर काढलं. काश्मीर म्हटल्यावर लेक अनुपमा टाळ्या पिटायला लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. ते आबा, म्हणजे जयवंतचे वडील, धाकू परब. गिरणीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं अजून वेंगुर्ल्याच्या बंदरावरचंच.

"ज्या पाण्याक भरती नाय, सुकती नाय, ता पाणी कसला? ती टाकी!"

"आबा, इंग्रजीत लेक म्हणतात त्याला. जगभरचे लोक जातात," जयवंत म्हणाला.

"बरा, टाकी तर टाकी," आबा म्हणाले. "पण थंय नारळ गावतलो काय?"

काश्मिरात नारळ मिळतो की नाही याचा विचारच कोणी केला नव्हता. आणि नारळाशिवाय मासा म्हणजे, त्या घरापुरतं बोलायचं, तर दुखवट्यातलं जेवण. झालं, काश्मीर नारळावर पडलं! मग उटी निघाली. तिथं नारळ मुबलक, ट्राउटही असतो म्हणे. पण जयवंतच म्हणाला की त्या तळ्यात हनिमूनवाल्यांच्या बोटी फिरतात, गळ कुणाच्या मानेत अडकला तर? उटी पडली. पुढच्या रविवारी तर तळ्याचं नावही निघालं नाही, सबंध दुपार कोकम आणि तिरफळात गेली. ट्राउटला तिरफळ चालेल का, यावरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले. अरे, मासा पाहिलाय कोणी तुमच्यापैकी?

अनुपमानं सुचवलं की खोबऱ्याच्या वाटपासाठी मिक्सर नेऊ. आबा उसळले.

"मिक्सरचा वाटाप माझ्या घशाखाली उतरणा नाय! पाटो घेवा."

म्हणजे पाटा-वरवंटा डोंगरावर. यावर कोणी हसलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही परबांना ओळखत नाही. दोघे भाऊ पाटा उचलून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे वजन करायला घेऊन गेले. रद्दीवाल्यानं वजन केलं आणि सवयीनं भावही सांगितला. वनमाला खिडकीतून हे सगळं बघत होती. पाटा जातोय, विळी जाणार, स्टोव्ह जाणार, आणि या सगळ्यांच्या मागोमाग ती स्वतः. तिला रडूच आलं. तिनं ते कांद्यावर ढकललं.

इकडे जयवंतनं वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या वेळात लोखंडी पाइपाची गळाची काठी बनवली. काठी इतकी जड की एकट्यानं उचलवेना. पुढे दोरीला गळ आणि वजनाला एक दणदणीत नट. पुढच्या रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग टीव्हीसमोर बसलेली असताना परब कुटुंब गच्चीवर ट्राउट पकडायच्या प्रॅक्टिसला चढलं. आबा खुर्चीत, चंद्रप्रकाश काठीच्या बुडाशी, जयवंत शेंड्याकडे. वनमाला तेवढी खाली मोरीत, कारण रविवार होता.

पहिल्या फेकीत नट अँटेनाला गुंडाळला गेला आणि खालच्या मजल्यावरून बोंब उठली. दुसऱ्या फेकीत गळ कुठेतरी मऊशा जागी रुतला.

"लागला! लागला!" जयवंत ओरडला.

"सावकाश ओढ रे मेल्या, तुटात!" आबा खुर्चीतून उठले.

लागली होती ती वरच्या मजल्यावरच्या कुंदा आगाश्यांची जुनी साडी, आणि त्या साडीवर वाळत होते पोह्याचे पापड. जयवंतनं जोर लावला तशी साडी पापडांसकट कठड्यावरून खाली कंपाउंडमध्ये गेली. आरडाओरडा ऐकून वनमाला खवल्यांच्या हातानंच धावत खाली आली. पुरुषमंडळी अँटेना सोडवायच्या निमित्तानं गच्चीवरच लपली. आता पापड गोळा करायला उरल्या दोघी, कुंदाताई आणि वनमाला.

"राहू दे गं, तुझे हात..." कुंदाताई शाकाहारी, त्या दोन पावलं मागे सरकल्या. मग त्यांनाच वाईट वाटलं. "काय चाललंय तरी काय तुमचं?"

वनमालानं सांगितलं. तळं, ट्राउट, नारळ, पाटा.

"अगो बाई! डोंगरातलं तळं ना? आमचं भजनी मंडळ गेलं होतं की हिमाचलात, नागणीसरला!" कुंदाताई कंपाउंडच्या भिंतीला टेकल्या. "काय ते तळं! आणि मासे म्हणशील तर हातभर, अंगावर ठिपके. हात पाण्यात घातला की बोटांशी येतात. पण ते देवीचे गं. त्यांना कोणी धरत नाही, कणकेच्या गोळ्या घालायच्या नुसत्या. आणि तळ्याच्या आसपास चूल पेटवायची नाही, स्टोव्हसुद्धा नाही, असा दंडक आहे. दोन्ही वेळा देवळाचा भंडारा. पंगतीत बसायचं, ते वाढतात, आपलं ताटही तेच उचलतात. मला तर लाजच वाटली बाई."

वनमालाच्या हातातला पापड मोडला.

"म्हणजे स्वयंपाक करूच देत नाहीत?"

"नाही म्हणजे नाही."

"आणि नारळ?"

"देवीला वाहिलेले. ढीग पडलेला असतो."

त्या दुपारी मीटिंगमध्ये वनमाला पहिल्यांदाच बोलली. "मी एक सुचवू?" असं तिनं म्हटल्यावर आबांनी सुपारी तोंडात टाकायची थांबवली.

"नागणीसर म्हणून आहे, हिमाचलात. कुंदाताई जाऊन आल्यात."

"मासे आहेत?" जयवंतनं विचारलं.

"हात घातला की बोटांशी येतात."

"ट्राउटच ना?"

"ते त्यांना माहीत नाही. हातभर आहेत, अंगावर ठिपके आहेत."

"तोच!" जयवंतनं मांडीवर थाप मारली.

"वहिनी, मासे धरायला लायसन लागेल," चंद्रप्रकाश म्हणाला.

"तिथं लायसन कोणीच काढत नाही, भावोजी."

"नारळ?" आबांनी विचारलं.

"ढिगानं, आबा."

एक अक्षर खोटं बोलली नाही ती! विचारलं त्याचंच उत्तर ती देत गेली, आणि तिथं चूल पेटते का, हे त्या चौघांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. नागणीसर एकमतानं पास झालं.

निघायच्या दिवशी मात्र वाट लागायची वेळ आली. जिन्यात पाटा गोणपाटात बांधून ठेवला होता आणि वरून कुंदाताई उतरत होत्या. जयवंतनं त्यांना अडवलंच.

"कुंदाताई, त्या तळ्यात मासे नक्की आहेत ना? एवढा लांबचा प्रवास आहे."

कुंदाताईंनी पाट्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. मग वनमालाकडे पाहिलं. ती भिंतीला चिकटून उभी होती.

"अहो, माझ्या हातातून खाऊन गेले," कुंदाताई म्हणाल्या आणि पुढे एक शब्द न बोलता खाली निघून गेल्या.

गाडी झाली, बस झाली, शेवटचा चढ खेचराच्या पाठीवर पाटा घालून झाला. वर पोचले तर तळं खरोखर कॅलेंडरातल्यासारखं, आणि काठाशी पाण्यात हे असे मासे! जयवंत काठी जोडायला लागला तोच देवळातून पुजारी धावत आला.

"अरे भाई, ये माता की मछली है! पाप लगेगा!"

त्यानं काठी काढून घेऊन देवळाच्या खोलीत कुलूप लावून ठेवली. स्टोव्हही गेला. जयवंत तळ्याकडे बघत राहिला, मग पाट्याकडे, आणि मग वनमालाकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस? एवढा खर्च, एवढा पाटा, आबांना या वयात इथं चढवलं! डोकं फिरलंय का तुझं?"

वनमाला आयुष्यात नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. आता बोलली.

"कंटाळा आलाय मला! मासे खायचा नाही, ते साफ करायचा. सगळ्या जगाची सुट्टी आणि माझी विळी. चार दिवस, चारच दिवस, मला कोणीतरी वाढलेलं जेवायचं होतं. सरळ मागितलं असतं तर दिलं असतंत तुम्ही? 'तू आहेस ना' म्हणाला असतात!"

चंद्रप्रकाश तळ्याची खोली अजमावू लागला. अनुपमानं आईचा हात धरला आणि तिला काठावरच्या उन्हात नेऊन बसवलं.

मग जयवंत हळूच जवळ येऊन उभा राहिला.

"आता काय करायचं इथं?"

"बसा," वनमाला म्हणाली.

तो बसला. असं कामाशिवाय बसायचं त्यालाही ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं अनुपमानं बापाच्या हातात कणकेच्या गोळ्या दिल्या. माशांची त्याच्या बोटांशी झुंबड उडाली तसा तो दर माशागणिक "बाप रे, हा बघ! हा बघ!" करत लहान पोरासारखा ओरडायला लागला. आबा शेजारी उकिडवे बसून एकेका माशाला मालवणीत सांगत होते की तू वेंगुर्ल्यात असतंस तर तुझा काय झाला असता. मासे शांतपणे ऐकत होते आणि गोळ्या खात होते.

दुपार कलली. उन्हात दगडाला पाठ टेकून वनमाला झोपली होती, तोंड जरासं उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. तिला असं दिवसाउजेडी झोपलेलं घरातल्या कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

आबांची चहाची वेळ झाली. "गे वनमाला, च्या..." असं त्यांनी सवयीनं अर्धं म्हटलं आणि ते थांबले. जयवंत तिला हलवायला वाकला.

"हात लावू नको तिका," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "निजलीसा ती."

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, अनवाणीच देवळापर्यंत चढले आणि भंडाऱ्याच्या दारात उभं राहून त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत चहा मागितला. येताना त्यांच्या दोन्ही हातांत पेले होते. एक त्यांचा. दुसरा त्यांनी सुनेच्या शेजारी दगडावर ठेवला, गार होऊ नये म्हणून त्यावर आपली टोपी उलटी घातली, आणि ती जागी होईपर्यंत ते तिथंच बसून राहिले.