गोलमधून गोंडीत

आमच्या सरांचं किपर निवडायचं गणित सोपं होतं. मुरमाच्या मैदानावर जो पोरगा पडायला भीत नाही, तो किपर. बाकी सगळं शिकवता येतं, असं ते म्हणायचे. मी भीत नव्हतो. आठवीत वर्ध्याला आलो, नालवाडीच्या बाजूला आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहू लागलो आणि पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही कोपरं सोलून घेऊन शाळेच्या फुटबॉल संघात शिरलो. दहावीत गेलो तेव्हा किपरचे हातमोजे माझ्याकडे होते.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं, कॉलेज तर दूरच. आईबाबा जंगलातल्या कामाला जायचे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोपवन, मधल्या काळात वनखात्याचं जे निघेल ते. घरात आम्ही गोंडी बोलायचो, आजही बोलतो. मी पुढे बी.ए. झालो, मराठी विषय घेऊन झालो, आणि हे जे लिहितो आहे ते कुणाकडून दुरुस्त करून घेतलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून एखाद्याला वाटेल की या पोराला मराठी येत नव्हती. येत होती. वर्गात मी निबंध मोठ्याने वाचून दाखवायचो. फक्त बॉल हवेत असला की माझ्या तोंडून गोंडी निघायची. त्याला मी काही करू शकत नव्हतो.

पहिली काही वर्षं याचा कुणालाच पत्ता लागला नाही, कारण मी मैदानावर बोलतच नव्हतो. शब्द तोंडात यायचा, मी दात आवळून घ्यायचो. तालुक्याच्या सामन्यांत तेवढ्यावर भागतं. आमची फळी मजबूत होती, बॉल माझ्यापर्यंत फार येत नव्हता. अल्लीपूरचा एक पोरगा आमच्या उजव्या बाजूने असा पळायचा की समोरच्यांचा अर्धा संघ त्याच्याच मागे. तालुका आम्ही आरामात जिंकलो.

मग जिल्ह्याचे सामने लागले. शालेय स्पर्धेत जिल्हा जिंकणारी शाळा हाच जिल्ह्याचा संघ होतो आणि तो विभागाला जातो. त्यामुळे तिथे सगळेच दात-ओठ खाऊन खेळतात. सेमीफायनलमध्ये डावीकडून एक उंच क्रॉस आला. बॉल माझा होता, अगदी माझ्या हाताचा. मी पुढे निघालो आणि या वेळी शब्द दातांत अडला नाही. "माझा," असं मी ओरडलो, पण गोंडीत. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलच्या समोर उभा राहणारा मधला बचावपटू, त्याला ते काय कळणार. तोही उडाला. त्याचं डोकं माझ्या बरगडीत, माझा गुडघा त्याच्या मांडीत, आणि बॉल दोघांच्या मधून गोलात.

तो सामना अल्लीपूरवाल्याने जिंकून दिला. पण सर माझ्याकडे आले ते तोंड पाडूनच.

"काय ओरडला तू?"

मी हातमोज्यांची माती झटकली.

"तुह्ये हात चांगले हाये, बाबू. पण मुक्या किपरचं मी काय करू? किपर मागून सगळं मैदान पायते. त्यानं नाई सांगतलं तं कोण सांगन? फायनलले जो ओरडन, तो उभा राहीन."

ओरडणारा किपर आमच्याकडे दुसरा होता. बोरगाव मेघेचा पोरगा, माझा राखीव. त्याचे हात माझ्याइतके चांगले नव्हते, हे तोही मान्य करायचा. पण तोंड असं की शेजारच्या शाळेचा तास बंद पडावा. फायनलपर्यंतच्या सरावात त्यानेच मला ओरडायला शिकवायचं मनावर घेतलं. माझी जागा गेली तर त्याला मिळणार होती, तरी.

"हे पाह्य, तोंडात काय येते त्याचा विचारच नाई करायचा," तो म्हणाला. "मी तं नुसतं 'अबे, अबे' करतो. डिफेन्स आपोआप घाबरते."

मी करून पाहिलं. बॉल यायचा, डोक्यात गोंडी शब्द उठायचा, मी त्याला बसवून त्याच्या जागी मराठी शब्द उभा करायचो, आणि तोवर बॉल निघून गेलेला असायचा. "सोड" म्हणेपर्यंत स्टॉपरने लाथ मारलेली असायची. एकदा तर बॉल जाळ्यात गेल्यावर मी "माझा" म्हणालो.

"तुह्याच हाये आता," राखीव म्हणाला. "काढ जाळ्यातून."

सगळे हसले, मीही हसलो. पण सरांनी त्या दिवशी शेवटची पंधरा-वीस मिनिटं त्यालाच गोलमध्ये उभं केलं आणि मला बाहेर बसवलं. ते काही मला हसून सोडता आलं नाही.

तोडगा काढला स्टॉपरने. हा नालवाडीचाच, वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत राहायचा, दिसला की लांबूनच जय भीम घालायचा. बरगडीत डोकं घातल्यापासून तो माझ्याशी जरा जास्तच आपुलकीने वागत होता. बाहेर माझ्या शेजारी येऊन बसला.

"त्या दिवशी तू जे ओरडला, ते गोंडी होतं?"

"हो."

"म्हणजे काय?"

"माझा."

"आन् सोड कसं म्हणते?"

मी सांगितलं. त्याने म्हणून पाहिलं. इतकं वाईट म्हणाला की मला पुन्हा सांगावं लागलं.

"मंग झालं तं. तू काऊन मराठी शिकून राह्यला? तू एकटा हायेस, आमी डिफेन्सवाले चौघं. आमीच तुह्ये शब्द शिकतो. किती लागते? माझा, सोड, मार, मागं पाह्य. एवढ्यात तं अख्खा फुटबॉल येते."

मला हे लगेच पटलं नाही. वर्ध्यात आम्ही गोंडी मोठ्याने बोलत नसू. आई भेटायला यायची तेव्हा बसस्टँडवर आम्ही दोघं आवाज खाली करूनच बोलायचो. कुणी काही म्हणालं होतं असं नाही, पण सवय तशी. आणि आता हा म्हणत होता की भर मैदानात, गळा फाडून. मी थोडा वेळ बूट सोडले-बांधले. मग म्हटलं, चल, म्हण पुन्हा.

ते चार शब्द मी इथे लिहीत नाही. देवनागरीत लिहिले की ते स्टॉपर उच्चारायचा तसेच दिसतात.

सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मले काय, तुमी चिनीत बोला. बॉल आत नाई गेला पायजे."

जिल्ह्याची फायनल मी खेळलो. पहिला क्रॉस आला, मी ओरडलो, आणि चौघंच्या चौघं असे बाजूला झाले की बॉल माझ्या छातीशी आला. कानांवर विश्वास बसेना तो समोरच्या संघाचा. त्यांचा फॉरवर्ड आपल्या सोबत्याला विचारत होता, "हे काय बोलून राह्यले बे?" त्याला काय, कुणालाच कळत नव्हतं. मी ओरडायचो, माझ्या पाठोपाठ स्टॉपर ओरडायचा, अल्लीपूरवाला तर काही कारण नसतानाही लांबून ओरडायचा. सामना जिंकलो आणि आमची शाळा वर्धा जिल्ह्याचा संघ झाली.

फोनवर आईला सांगितलं की इथली पोरं आपले शब्द बोलतात. तिने विचारलं, "बरोबर बोलतात का?"

म्हटलं, "अजिबात नाही."

ती खूप हसली.

विभागाचे सामने नागपूरला होते. हिरवं गवत, पडलं तरी लागत नाही. पहिला सामना जिंकलो तो त्या गवताच्या आनंदातच. सेमीफायनलला समोर आली गडचिरोलीकडची एक शाळा. आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं कसं लक्षात आलं नाही? नाही आलं. मला नाही, सरांना नाही, कुणालाच नाही. चार शब्दांचा आम्हाला एवढा माज चढला होता की ही भाषा आपण सोडून आणखी कुणाची असू शकते हेच आम्ही विसरलो.

आम्ही एका गोलने पुढे होतो. हाफटाइम जवळ आला असताना एक लांब बॉल आमच्या गोलच्या दिशेने आला. स्टॉपर त्याच्यावर होता, लाथ मारून बाहेर काढणार, तेवढ्यात "सोड" ऐकू आलं. गोंडीत, स्वच्छ, आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं इतकं. स्टॉपरने आज्ञाधारकपणे पाय उचलला. बॉल त्याच्या खालून गेला, आणि त्यांच्या फॉरवर्डने पळत येऊन तो माझ्या डाव्या बाजूने गोलात मारला.

स्टॉपर माझ्यावर धावून आला. "सोड काऊन म्हणलं बे?"

"मी नाई म्हणलं."

"मंग कोण म्हणलं?"

आम्ही दोघांनी एकदमच वळून पाहिलं. त्यांचा फॉरवर्ड, बुटका, कुरळ्या केसांचा, मध्यरेषेकडे उलटा चालत आमच्याकडे बघून हसत होता. मला गोंडीत म्हणाला, "आवाज चांगला आहे तुझा. पहिल्यापासून ऐकतोय."

आमच्या कॅप्टनने रेफ्रीकडे तक्रार केली. समोरच्याला फसवून असं ओरडणं नियमात बसत नाही. रेफ्रीने मला बोलावलं.

"काय म्हणाला तो?"

मी शब्द सांगितला, अर्थ सांगितला.

"तू पण हेच ओरडतोस ना? मग तो ओरडला की तू, हे मी कसं ठरवू?"

त्याचंही बरोबर होतं. गोल कायम राहिला.

हाफटाइमला मी बाहेर आलो तेव्हा राखीव पोरगा हातमोजे घालून तयार होता. सरांनीच सांगितलं असणार. तो माझ्याकडे बघेना.

सर म्हणाले, "आता तं गोंडीबी गेली. याले उभा करतो. हा निदान मराठीत ओरडते."

मी म्हटलं, "सर, मी ओरडतो मराठीत."

"जिल्ह्यात जमलं नोतं."

"तवा मी ओरडतच नोतो, सर. आता ओरडतो."

हे मी जागा वाचवायला फेकलेलं नव्हतं, मला ते खरंच माहीत होतं. सरावात माझं अडत होतं ते शब्द शोधण्यात नाही, तर वर्ध्यात आल्यापासून खाली ठेवलेल्या आवाजात. जिल्ह्याच्या फायनलपासून तो आवाज वर आला होता आणि आता तो खाली बसणार नव्हता. वर आलेल्या आवाजात काय घालायचं, हे ठरवणं सोपं आहे. एवढं सगळं मी सरांना बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग राखीव पोराकडे.

राखीव पोराने हातमोजे काढले. "सर, याले जाऊ द्या. माह्यापेक्षा हाच बरा."

"तुले कोणी इचारलं?" सर म्हणाले. पण मला बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये मी जे ओरडलो ते शुद्ध मराठी नव्हतं. आमच्या वर्ध्याचं होतं, राखीव पोराकडून शिकलेलं, मधे मधे अबे घातलेलं. पण वेळेवर होतं. तो कुरळ्या पुन्हा "सोड" ओरडला. स्टॉपरचा पाय सवयीने थांबणारच होता, तेवढ्यात मी मागून, "मार बे, मार, तो आवाज त्यायचा हाये." त्याने असा मारला की बॉल प्रेक्षकांत गेला.

एका कॉर्नरला कुरळ्या माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला. गोंडीत विचारलं, "किती देवांचे तुम्ही?"

आमच्यात हे आधी विचारतात. चार, पाच, सहा, सात, असे देव मानणारी घराणी असतात. सारख्या देवांचे ते एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही.

"सहा," मी म्हटलं.

"आम्ही पण सहा. भाऊच की मग."

"भाऊ असशील तर पाय काढ."

त्याने पाय काढला. कॉर्नर आला, मी मराठीत ओरडलो आणि दोन्ही मुठींनी बॉल बाहेर काढला.

बरोबरी सुटली नाही, टायब्रेकर लागला. आम्ही एका गोलने पुढे असताना त्यांचा शेवटचा फटका मारायला तोच आला. बॉल ठेवताना म्हणाला, "कुठे मारू, भाऊ?"

"मार कुठेही. मी आहे."

त्याने माझ्या उजवीकडे मारला. मी तिकडेच होतो. बॉल मनगटाला लागून खांबाबाहेर गेला आणि आम्ही फायनलला पोचलो.

संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेत तो आमच्या खोलीत आला. त्याची गोंडी माझ्याहून जरा वेगळी, काही शब्द मला विचारून घ्यावे लागले. स्टॉपरला समोर बसवून त्याने ते चारही शब्द म्हणायला लावले. तिसऱ्या शब्दाला त्याने कपाळाला हात लावला. "हे तू काय शिकवलंस यांना," असं मला म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सकाळी बूट घालताना सर माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"समोर नागपूर हाये. आज कोणत्या भाषेत?"

"नागपूरच्या या पोरायले गोंडी येत असन का, सर?"

"नाई वाटत."

"मंग गोंडीत."

सर "बरं" म्हणाले आणि राखीव पोराला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला आणि तिथून चारही शब्द जोरात म्हणून पाहू लागला.

फायनल आम्ही एका गोलने हरलो. तो गोल कुणाच्या चुकीचा नव्हता. त्यांच्या पोराने लांबून मारला आणि चांगला मारला. पूर्ण वेळ गोलमध्ये मी होतो.