ही गाठ नाही, ही तू

फरीदाताई गेल्याचं तिच्या भाचीनं, नसरीननं, फोनवर सांगितलं तेव्हा आमची मांजर चिंगी माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या पाठीवरचा हात मी झटकन उचलला. ताई आता ओरडेल, असं वाटलं...

नेरूळला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिचा प्राण्यांचा दवाखाना. माणूस मूळचं जासईचं आणि भारी चौकस. मीटरच्या पेटीतली तापलेली वायर शोधायला वीजवाला उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आला, तर ही हातातला चहा विसरून त्याच्यामागे उभी. पुढे तसाच कॅमेरा दवाखान्यात आला. मांजरांच्या कातडीवरच्या गाठी त्यातून कशा दिसतात, हे तिला बघायचं होतं.

चिंगीच्या मानेवर गाठ आली तेव्हा मी तिला उचलून थेट खाली नेलं. ताईनं गाठीभोवतीचे केस मशीननं काढले आणि बजावलं, "मशीननं तापलेली कातडी जरा निवू दे. तोवर हात लावायचा नाही." पण बिचारी थरथरत होती. ताईची पाठ वळताच मी तिला कुरवाळलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गाठीशेजारी पिवळेधमक डाग उमटले. मला वाटलं, पसरलंय सगळं.

"टेन्शन नको घेऊ," ताई हसत म्हणाली. "ही गाठ नाही, ही तू. बोटं मोज."

मग माझी रवानगी कोपऱ्यातल्या बाकावर. दुसऱ्यांदा गाठ निळसर दिसली, म्हणजे आजूबाजूपेक्षा थंड.

"थंड आहे, मग साधीच असेल ना, ताई?"

"तुझं तूच ठरवलंस? वाईट गाठीसुद्धा कधी थंड निघतात. का, ते मलाही बघायचंय. आपण तुकडा तपासायला पाठवू."

कॅन्सर निघाला. गाठ लहान होती, ताईनं ती मुळासकट काढली. चिंगी आज आहे ती तिच्यामुळे.

ताई रिकामी असली की लाकडी टेबलावर तळवा टेकवायची, उचलायची आणि कॅमेऱ्यातून मागे राहिलेल्या उबेचा ठसा बघत बसायची. "किती वेळ राहतो बघू," म्हणायची. मला तिची फार आठवण येते.

परवा चिंगीला तपासायला नेलं. आता दवाखाना नसरीन बघते. केस काढून ती म्हणाली, "काकू, हात..."

"माहितीय गं."

कातडी निवेपर्यंत करायचं काय? मी टेबलावर तळवा टेकवला आणि उचलला. नसरीननं कॅमेरा तिकडे वळवला. पाच बोटं पिवळी दिसली, मग हळूहळू विझू लागली. शेवटचं बोट जाईपर्यंत आम्ही दोघी चिंगीकडे वळलो नाही.